जेम्सटाउन ते जॅरट: व्हर्जिनियात पाच दिवस

मी ३१ वर्षं जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात स्टेनो होते. एवढ्या वर्षांत ‘मरेपर्यंत फाशी’ हे शब्द माझ्या हातून एकदाच टाइप झाले. साहेबांनी सही केली, निब टेबलावर दाबून मोडली आणि न बोलता चेंबरमध्ये गेले. तो प्रसंग मी कधीच विसरले नाही, पण त्याहून जास्त आठवते ती त्या खटल्यातली एक उलटतपासणी. आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला होता, जेमतेम तीन वर्षं सनद झालेला पोरगा. मुख्य साक्षीदाराची त्याची उलटतपासणी माझ्या कागदांवर दीड पानात संपली. पुढे पुष्टीसाठी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि फाशीची जन्मठेप झाली. तिथे दुसरा, जाणता वकील उभा राहिला होता. गुन्हा तोच होता, पुरावाही तोच.

लेक रिचमंडजवळ शॉर्ट पंपला राहते. या खेपेला तिच्याकडे आले तेव्हा कळलं, की अमेरिकेच्या इतिहासात सगळ्यात जास्त माणसांना देहदंड दिला तो व्हर्जिनियाने. १६०८ पासून १,३०० हून अधिक. आणि याच राज्याने २०२१ मध्ये देहदंड रद्द केला. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या जुन्या कॉन्फेडरेट राज्यांपैकी असं करणारं हे पहिलं. लेकीला म्हटलं, मला नायगारा नको, डिस्ने नको, हे दाखव. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने पाच दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस : जेम्सटाउन

एप्रिलचा पहिला आठवडा होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना डॉगवूड पांढरंशुभ्र फुललेलं. तासाभरात जेम्सटाउन आलं. १६०७ च्या मे महिन्यात इंग्रज इथे उतरले. १९९४ पासूनच्या उत्खननात त्यांच्या किल्ल्याच्या खुणा सापडल्या आणि त्या जागी आता लाकडी कुंपण पुन्हा उभारलंय. किल्ला म्हणजे केवढा, तर आमच्या कोर्टाच्या आवारात मावेल एवढा. पलीकडे जेम्स नदी, समुद्रासारखी रुंद.

इंग्रजांच्या अमेरिकेतला पहिला देहदंड इथलाच समजतात. कॅप्टन जॉर्ज केंडल वसाहतीच्या सात जणांच्या मंडळातला. त्याची गोष्ट इथे बसून ऐकण्यासारखी आहे. जेम्स रीड नावाच्या लोहाराने वसाहतीच्या अध्यक्षावर हात उचलला म्हणून त्याला फाशी सुनावली होती. शिडीवर चढल्यावर तो म्हणाला, मला अध्यक्षांशी एकांतात बोलायचंय. त्याने केंडलच्या कटाची खबर दिली आणि स्वतःचा जीव वाचवला. मग खटला केंडलवर. केंडलने एक हरकत घेतली. अध्यक्ष स्वतःला रॅटक्लिफ म्हणवतात, पण त्यांचं खरं नाव सिकलमोर आहे, तेव्हा रॅटक्लिफ या नावाने शिक्षा सुनावण्याचा त्यांना अधिकारच नाही! हरकत तर बिनतोड. मंडळाने उपाय काढला. अध्यक्षांच्या जागी जॉन मार्टिन या दुसऱ्या सदस्याने निकाल वाचला, आणि केंडलला गोळ्या घातल्या.

त्या कुंपणाशी उभी असताना मला राहून राहून वाटत होतं, हा माणूस स्वतःच स्वतःचा वकील होता. फिर्यादी, न्यायाधीश आणि राज्य चालवणारे मात्र तेच सहा-सात जण.

चारच वर्षांनी, १६१२ मध्ये, वसाहतीचे कायदे लंडनमध्ये छापले गेले. टॉमस डेल या अधिकाऱ्याच्या नावाने ते ओळखले जातात. त्यांत दुसऱ्याच्या बागेतली द्राक्षं तोडली, मक्याची कणसं चोरली तरी मृत्युदंड. फूल खुडलं तरी. परवानगीशिवाय घरची कोंबडी मारली, तरी तेच. माणसं उपाशी मरत होती, तेव्हाचा हा कायदा. उपासमारीच्या वर्षांत अन्नाची चोरी हाच सगळ्यात मोठा गुन्हा वाटतो, हे मी समजू शकते. पण कणसासाठी जीव घेण्याचा कायदा करणाऱ्यांच्या ताटात त्या दिवशी काय होतं, हा प्रश्न मनातून जाईना.

विल्यम्सबर्गला जुना तुरुंग बघितला. समुद्री चाचा ब्लॅकबिअर्डचे साथीदार तिथे ठेवले होते. गर्दी फार होती, लगेच निघालो.

संध्याकाळी गाडीसकट फेरीबोटीत चढलो. जेम्स नदी ओलांडणारी ही बोट सरकार फुकट चालवतं. वीसेक मिनिटांत आपण पलीकडे सरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). तिथून पुढे शेंगदाण्याचा मुलूख सुरू होतो. दुकानात भाजलेल्या शेंगदाण्यांचे डबे रचलेले. लेकीने एक घेतला. दाणे आपल्यापेक्षा दुप्पट मोठे, पण गोडीला आपल्या घाटावरच्या दाण्याची सर नाही. मुक्काम फ्रँकलिन गावातल्या एका साध्या मोटेलात.

दुसरा दिवस : कोर्टलंड

सकाळी कोर्टलंडला पोचलो. पूर्वी या गावाचं नाव जेरुसलेम होतं, १८८८ मध्ये ते बदललं. दोन रस्ते, कोर्टाची इमारत, मागून काळ्या पाण्याची नॉटोवे नदी. पेरणीआधीची नांगरलेली तांबूस शेतं गावाच्या कडेपर्यंत आलेली.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये नॅट टर्नर या गुलामाने या परिसरात उठाव केला. दोन दिवसांत सुमारे ५५ गोरी माणसं मारली गेली. त्यांत बायका होत्या, लहान मुलंही होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण इथून पुढचं वाचताना ते विसरायला नको. ज्या घरात शेवटची हत्या झाली, ते रिबेका व्हॉन यांचं घर आता गावात हलवून जतन केलंय. छोटंसं, लाकडी फळ्यांचं. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं. खिडकीतून आत बघताना लेक म्हणाली, “आई, चल ना. नको वाटतंय.”

टर्नर दोन महिने रानात लपून होता. ३० ऑक्टोबरला सापडला. ५ नोव्हेंबरला खटला, ११ नोव्हेंबरला फाशी. पकडल्यापासून दोर गळ्यात पडेपर्यंत १२ दिवस. गुलामांसाठी वेगळं न्यायालय असायचं. त्यात ज्युरी नसे. काउंटीतले जमीनदार न्यायदंडाधिकारी बसत, म्हणजे बहुतेक स्वतः गुलाम बाळगणारेच.

निकालाबरोबर त्या न्यायालयाला आणखी एक काम करावं लागे, ते म्हणजे आरोपीची किंमत ठरवायची. गुलामाला फाशी दिली तर मालकाचं नुकसान होतं, ते सरकारी तिजोरीतून भरून द्यायचं, असा कायदा व्हर्जिनियात १७०५ पासून होता. नॅट टर्नरची किंमत ठरली ३७५ डॉलर. शिक्षेच्या कागदावर हा आकडा आहे. मी आयुष्यभर निकालपत्रं टाइप केली, मुद्देमालाच्या याद्या टाइप केल्या. आरोपी आणि मुद्देमाल एकच असलेला निकाल कधी माझ्यासमोर आला नाही. आल्यावर बोटं चालली असती का, सांगता येत नाही. पण त्या दिवशी कोणाची तरी बोटं चाललीच.

१७९६ मध्ये याच राज्याने स्वतंत्र माणसांसाठी फाशी जवळजवळ पहिल्या दर्जाच्या, म्हणजे ठरवून केलेल्या, खुनापुरती ठेवली होती. त्या काळासाठी फार पुढची गोष्ट. पण गुलामांना ती सवलत नव्हती. त्यांच्यासाठी फाशीच्या गुन्ह्यांची यादी लांबलचकच राहिली. म्हणजे दयाबुद्धी या राज्याला तेव्हाही होती, पण ती वाटून दिलेली होती.

गावाबाहेर एक रस्ता आहे. उठावानंतर एका काळ्या माणसाचं शिर तिथे खांबावर लावलं होतं. त्याच्यावर खटलाबिटला काही झाला नव्हता. पुढे दीडशेहून जास्त वर्षं रस्त्याच्या नावातच ते काळं डोकं होतं. आता ते नाव काढून नुसतं साइनपोस्ट रोड केलंय. पाटी नवी आहे. आम्ही तिथे थांबलो, वारा सुटला होता, लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

तिसरा दिवस : मार्टिन्सव्हिल

दिवसभर प्रवास. ५८ नंबरचा महामार्ग धरून पश्चिमेकडे. एम्पोरियाला पोचल्यावर लेक म्हणाली, “जॅरट इथून दहा मैलांवर आहे, उरकून घ्यायचं का?” मी नको म्हटलं. गोष्टीचा शेवट आधी बघायचा नव्हता. डॅनव्हिलनंतर डोंगर दिसायला लागले. दुपारी तीनला मार्टिन्सव्हिल.

एके काळी फर्निचर आणि कापडाच्या गिरण्यांनी गजबजलेलं गाव. आता चौकात शुकशुकाट. हेन्री काउंटीचं जुनं, खांबांचं कोर्ट उभं आहे, त्याच्यासमोर बाकं आहेत. डबा उघडून आम्ही तिथेच पोळ्या खाल्ल्या.

१९४९ च्या जानेवारीत या गावात एका गोऱ्या स्त्रीवर बलात्कार झाला. सात काळ्या पुरुषांना अटक झाली. सहा जण विशीच्या आसपासचे, सातवा ३७ वर्षांचा, फ्रान्सिस ग्रेसन. एकेक खटला जेमतेम दिवसभर चालला. ज्युरीत प्रत्येक वेळी सगळे गोरे, सगळे पुरुष. कबुलीजबाबांवर सह्या घेतल्या होत्या, पण त्यांतल्या काहींना आपण कशावर सही करतोय ते वाचताही येत नव्हतं. सातही जणांना मृत्युदंड.

अपिलात मार्टिन ए. मार्टिन, ऑलिव्हर हिल, सॅम्युअल टकर असे काळ्या समाजातले नामवंत वकील उभे राहिले. खटला न्याय्य झाला नाही एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी राज्याचं दप्तरच न्यायालयापुढे मांडलं. १९०८ मध्ये विजेची खुर्ची आल्यापासून बलात्कारासाठी व्हर्जिनियाने ज्यांना ज्यांना मारलं, ते सगळे काळे होते. त्याच गुन्ह्यात गोरे आरोपी दोषी ठरले होते, पण खुर्चीत एकही बसला नव्हता. हा समान न्याय कसा? आकड्यांवर उभा केलेला असा युक्तिवाद तोवर फारसा कोणी केला नव्हता. न्यायालयांनी तो मानला नाही. २ फेब्रुवारी १९५१ ला चार जण, ५ फेब्रुवारीला उरलेले तीन. त्या सातांसकट १९०८ ते १९५१ या काळात बलात्कारासाठी खुर्चीत बसवलेल्यांची संख्या ४५ झाली. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस काळे.

३१ ऑगस्ट २०२१ ला राज्यपाल राल्फ नॉर्दम यांनी सातही जणांना मरणोत्तर माफी दिली. ते दोषी होते की नव्हते, यावर ती माफी काही बोलत नाही. त्यांना न्याय्य खटला मिळाला नाही, एवढं म्हणते. ७० वर्षांनी.

बाकावर बसल्या बसल्या मला आमचा तो तीन वर्षांच्या सनदेचा पोरगा आठवत होता. चांगला वकील अपिलात येतो तेव्हा पुष्कळदा कागद भरून झालेले असतात. जे खालच्या कोर्टात विचारलंच गेलं नाही, ते वर कुठून आणायचं?

चौथा दिवस : रिचमंड

रात्री उशिरा परतलो होतो. उशिरा उठून शहरात गेलो. मेन स्ट्रीट स्टेशनजवळ महामार्गाच्या कुशीत गवताचा एक मोठा तुकडा आहे. इथे गुलामांची दफनभूमी होती आणि शहराचा वधस्तंभही. गेब्रिएल नावाच्या लोहाराने १८०० मध्ये उठावाचा बेत आखला होता, तो मोठ्या पावसाने आणि फितुरीने फसला. गेब्रिएलसह २६ जणांना फासावर दिलं. कोणाचा एक केसही त्यांनी वाकवलेला नव्हता. २०११ पर्यंत या जागेवर गाड्यांचा पार्किंग लॉट होता. आता गवत आहे. लोक दगड, मणी, नाणी ठेवून जातात. मी पर्समधलं दोन रुपयांचं नाणं ठेवलं.

तिथून स्प्रिंग स्ट्रीट. राज्याचं जुनं कारागृह इथे १८०० पासून १९९० पर्यंत होतं. बेंजामिन लॅट्रोबने त्याचा आराखडा केला होता. आता तिथे एका कंपनीचं आवार आहे, हिरवळ कापलेली, समोर बेल्व्हिडिअर रस्त्यापलीकडे युद्धस्मारक. तुरुंगाची एक वीटही दिसत नाही. खाली नदीचा खडखडाट मात्र ऐकू येतो. आत असलेल्यांनाही तो ऐकू येत असेल.

१९०८ पर्यंत फाशी त्या त्या काउंटीत, पुष्कळदा गर्दीसमोर व्हायची. त्या वर्षी ती बंद करून सगळं या तुरुंगाच्या तळघरात आणलं. ओकची खुर्ची, वीज. १३ ऑक्टोबर १९०८ ला हेन्री स्मिथ पहिला.

मला मात्र एका मुलीसाठी तिथे उभं राहायचं होतं. व्हर्जिनिया क्रिश्चन. राज्याचंच नाव. हॅम्प्टनच्या एका बाईंकडे कपडे धुवायची. मालकिणीने चोरीचा आळ घेतला, झटापट झाली, मालकीण मेली. पोरगी १६ वर्षांची. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या आईने राज्यपालांना पत्र लिहिलं, मोडक्यातोडक्या स्पेलिंगचं, हात जोडून. राज्यपाल मॅन यांनी दयेचा अर्ज फेटाळला. १६ ऑगस्ट १९१२ ला तिला खुर्चीत बसवलं. आदल्या दिवशी तिला १७ वर्षं पूर्ण झाली होती. लेक माझ्या शेजारी उभी होती. तिची धाकटी यंदा १६ ची झाली. आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही.

याच शहरातला जेरी गिव्हन्स. तुरुंगाचा कर्मचारी, चर्चमध्ये गाणारा काळा माणूस. १९८२ ते १९९९ या काळात राज्याच्या वतीने त्याने ६२ जणांना मारलं. आपण हे काम करतो, हे त्याने घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मरणाऱ्याबरोबर तो प्रार्थना करायचा. पुढे त्याला स्वतःला एका दुसऱ्या प्रकरणात तुरुंगवास झाला, आणि बाहेर आल्यावर तो देहदंडाच्या विरोधात बोलू लागला. त्याला हलवलं ते अर्ल वॉशिंग्टनच्या प्रकरणाने.

अर्ल वॉशिंग्टन हा बुद्धीने लहान मुलासारखा असलेला शेतमजूर. पोलीस विचारतील त्याला तो हो म्हणत गेला, आणि १९८४ मध्ये बलात्कार-खुनासाठी त्याला मृत्युदंड झाला. त्याच्याकडे वकीलच उरला नव्हता. १९८५ मध्ये शिक्षा नऊ दिवसांवर आली तेव्हा जो जिअराटानो या दुसऱ्या कैद्याने, जो स्वतः मृत्युदंडाचा कैदी होता, धडपड करून त्याच्यासाठी वकील मिळवला. नंतर डीएनए तपासणी झाली, २००० मध्ये त्याला पूर्ण माफी मिळाली आणि २००१ मध्ये तो बाहेर आला. नऊ दिवस चुकले असते, तर गिव्हन्सच्या हातून एक निरपराध माणूस गेला असता. गिव्हन्सला हे कळत होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये तो कोविडने गेला. कायदा रद्द झालेला त्याला बघायला मिळाला नाही.

त्या काळी व्हर्जिनियात अंतिम निकालानंतर २१ दिवसांनी सापडलेला नवा पुरावा न्यायालय बघतच नसे. एकवीस दिवस! आमच्याकडे निकालाची नक्कल मिळायलाही कधी कधी त्याहून जास्त लागायचे.

पाचवा दिवस : जॅरट

पंचाण्णव नंबरच्या महामार्गाने दक्षिणेला तासभर. पाइनची झाडं, मग मोकळी शेतं, मग एकदम तारांची भेंडोळी आणि मनोरे. ग्रीन्सव्हिल कारागृह. रिचमंडचा तुरुंग बंद झाल्यावर खुर्ची इथे आणली, १९९५ पासून विषारी इंजेक्शनचा पर्यायही आला. आत अर्थातच जाता येत नाही. रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं गाडी थांबवली. याच्या बाहेरच्या शेतात मृत्युदंडाच्या रात्री लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहायचे.

शेवटचा विल्यम मोर्व्हा, ६ जुलै २०१७. दोघांचा खून केलेला, आणि भ्रमाच्या आजाराने ग्रासलेला. त्याने ज्या पोलीस अधिकाऱ्याला मारलं, त्याच्या मुलीनेच त्याला मारू नका म्हणून मागणी केली होती. ऐकलं गेलं नाही. पावणेचार वर्षांनी, २४ मार्च २०२१ ला, राज्यपाल नॉर्दम यांनी आधी आतली ती खोली पाहिली आणि मग बाहेर मांडवात बसून रद्द करण्याच्या कायद्यावर सही केली. त्या दिवशी मृत्युदंडाचे दोनच कैदी उरले होते.

दोनच का उरले होते? मी पाच दिवस शोधत होते ते उत्तर इथे आहे. सहीच्या आधीच फाशी वाळून गेली होती. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत राज्याने मृत्युदंडाच्या खटल्यांसाठी खास बचाव-वकिलांची विभागीय कार्यालयं उघडली. पूर्ण वेळ वकील, तपास करणारे, आरोपीचं लहानपण, आजार, घर खणून काढणारी माणसं. पहिल्या दिवसापासून, खालच्याच कोर्टात. २०११ नंतर व्हर्जिनियातल्या एकाही ज्युरीने कोणाला मृत्युदंड दिला नाही. गुन्हे काही थांबले नव्हते. ज्युरीही दुसरीकडून आणलेल्या नव्हत्या. उलटतपासणी दीड पानात संपायची थांबली.

हे मी लेकीला सांगत होते. ती गप्प होती. जॅरटच्या पेट्रोल पंपावर ती उतरली, नळी टाकीत लावली आणि मग म्हणाली, “आई, २००२ चा ऑक्टोबर आठवतो तुला? मी तुला फोनवर खोटं सांगत होते, सगळं ठीक आहे म्हणून.”

तेव्हा ती नवी नवरी म्हणून मेरीलँडला नुकतीच आली होती. वॉशिंग्टनच्या आसपास कोणीतरी लांबून बंदुकीने माणसं टिपत होतं. त्या महिन्यात दहा जण गेले. त्यांत पुण्याहून आलेले एक टॅक्सीचालक होते, ॲस्पेन हिलच्या पंपावर टॅक्सीत पेट्रोल भरताना गोळी लागलेले. त्यातला मुख्य आरोपी जॉन ॲलन मुहम्मद याला व्हर्जिनियात खटल्यासाठी पाठवलं, कारण इथे मृत्युदंड मिळणं सोपं होतं. १० नोव्हेंबर २००९ ला त्याला याच कारागृहात मारलं. दयेचा अर्ज नाकारणारे राज्यपाल टिम केन स्वतः देहदंड न मानणारे होते.

“आम्ही पंपावर गाडीच्या आडोशाला वाकून बसायचो,” ती म्हणाली. “ते गेले ना, ते आपल्यासारखं मराठी बोलणारे असतील, असं सारखं मनात यायचं. नऊ सालच्या त्या रात्री मी टीव्हीसमोर जागी होते. तो मेल्याची बातमी आली तेव्हा मला बरं वाटलं. अजूनही वाईट वाटत नाही.”

मी तिला काही म्हटलं नाही. पाच दिवसांत मी जे बोलले, त्यातलं काही मागे घ्यावंसं वाटलं नाही, आणि तिला चूक म्हणावंसंही वाटलं नाही. मीटर थांबला. तिने नळी जागेवर लावली, टाकीचं झाकण फिरवून बंद केलं आणि हात पुसत आत येऊन बसली. सरीतला शेंगदाण्यांचा डबा अजून अर्धा होता. तो आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला आणि गाडी महामार्गाला लागली.